डावी पात, उजवी पात

“आक्का, मुकी हाय का तुमची भाची?”

प्रश्न ओट्यावरून आला. मी अंगणात गुडघ्यांवर बसून राफ्टमध्ये पंपानं हवा भरत होते. विचारणाऱ्या बाईंनी माझ्यासाठी म्हणून आवाज खाली आणला होता, पण इकडचा खालचा आवाज म्हणजे आमच्या पुण्याच्या सोसायटीत भांडणाचा आवाज. दावणीच्या शेळीनंसुद्धा मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“मुकी कावून आसंल गं कौसा?” आत्या म्हणाली. “इंग्लिश शाळंत शिकलेली हाय. मोजून बोलती.”

“मंग मोजून दोन शब्द तरी टाकावं की. सकाळधरनं बसलेय मी हितं. नुसती हासायली.”

मी मान वर केली नाही. हसलेही नाही, कारण आता त्या हसण्यावरही बोलणं झालं असतं. पंपाचा दांडा वर-खाली करत राहिले आणि मनात म्हटलं, बाई, तुम्ही जे विचारताय त्याचंच उत्तर शोधायला मी इथवर आलेय.

ते आधी सांगायला हवं. जूनपर्यंत मी पुण्यात एका बँकेच्या कचेरीत होते. काचेच्या भिंती, गार हवा, समोर दोन स्क्रीन. तिथं बोलावं लागत नाही, मेल लिहिली की भागतं. नोकरी अगदी माझ्या मापाची होती. मग एका सुट्टीत आम्ही ऑफिसातले काही जण कोलाडला गेलो आणि कुंडलिका नदीत राफ्टमधून उतरलो. मागं बसलेली गाइड माझ्याच वयाची होती. एका वल्ह्यानं ती आख्खी राफ्ट लाटेच्या कडेकडेनं अशी फिरवत होती, की मी माझं वल्हं मारायचं विसरून तिच्याकडेच बघत राहिले. परतीच्या वाटेवर मी कुणाशी बोलले नाही. तसं ते नेहमीचंच, पण त्या दिवशी गप्प राहण्याचं कारण वेगळं होतं.

जूनमध्ये नोकरी सोडली आणि पावसाळाभर कोलाडला शिकले. पाणी ओळखणं, दोर फेकणं, उलटलेली राफ्ट सरळ करणं, सगळं जमलं. एकच जमलं नाही. राफ्टमध्ये वल्ही मारतात ती पुढं बसलेली माणसं. गाइडनं मागून हुकूम द्यायचा असतो. माझा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचायचाच नाही.

“पाणी तुला कळतं, तन्वी,” आम्हाला शिकवणारे सर म्हणाले होते, “पण वल्ही माणसांच्या हातात असतात आणि माणसांना ऐकू यावं लागतं. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो. आवाज घेऊन आलीस तर एक राफ्ट तुझी. नाहीतर स्वयंपाक आहे, सामान आहे, काठावरचं काम काही कमी नाही.”

तिकडे बँकेतल्या मॅडमनीही कळवलं होतं, दिवाळीपर्यंत विचार बदलला तर सांग, तुझी जागा अजून भरलेली नाही. आणि बाबा सगळ्या नातेवाइकांना सांगत होते, तन्वी रजेवर आहे. मी ते खोडून काढलं नव्हतं. खोडून काढायला बोलावं लागतं.

ओरडायची सवय करायला मला अशी जागा हवी होती, जिथं पाणी भरपूर असेल आणि ऐकायला कुणी नसेल. ती बाबांनीच सुचवली. माझं हे नदीचं खूळ त्यांना पसंत नाही, तरी वर्तमानपत्रातून डोळे न काढता म्हणाले, “मांजरा धरण भरलंय यंदा. आत्याकडे जाऊन ये.”

सरांनी एक जुनी, ठिगळं लावलेली निळी राफ्ट दिली. ती ट्रॅव्हल्सच्या पोटात घालून दसरा झाल्यावर मी केजला उतरले.

युसूफ वडगाव

केजला मला घ्यायला मामा, म्हणजे आत्याचे यजमान, पिकअप घेऊन आले होते. मामा एके काळी सरपंच होते. अजूनही त्यांना माईक लागत नाही. राफ्टच्या कडेनं धरायला बांधलेला दोर प्रवासात कशाला तरी घासून तुटला होता, म्हणून घरी जायच्या आधी आम्ही युसूफ वडगावच्या बाजारात थांबलो.

“रामराम! ही आमची भाची. पुण्याला बँकेत हाय,” मामा भेटेल त्याला सांगत होते. कांद्याच्या ढिगामागून, चहाच्या गाड्यावरून, मोटारसायकल थांबवून लोक माझ्याकडे पाहायचे, आणि मी हसून मान हलवायचे. बाजार संपेपर्यंत मी इतक्यांदा बँकेत कामाला लागले होते, की मलाच ते खरं वाटायला लागलं.

दोराचं दुकान म्हणजे बैलांच्या साजाचं दुकान होतं. घुंगरांच्या माळा, रंगीत गोंडे, आणि मधोमध दोरांची वेटोळी.

“काय पायजे ताई? कासरा का दावं?”

कासरा म्हणजे बैल हाकताना हातात धरायचा लांब दोर. दावं म्हणजे जनावर बांधून ठेवायचा आखूड. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी तोंड उघडलं, वाक्य आधी इंग्रजीत आलं, आणि ते मराठीत आणेपर्यंत मामांनी सांगून टाकलं, “कासरा दे. होडीला लावायचाय.”

दुकानदारानं माझ्याकडे नीट पाहिलं. “आता बैलंबी पाण्यातच हाकायचे का सरपंच?”

“आरं, बँकेवाल्यांचं कायतरी आसतंय बे. तुला न्हाई कळायचं.”

मग शेजारच्या हॉटेलात मामांनी सुशीला मागवली. चुरमुरे भिजवून पोह्यांसारखे फोडणीला टाकतात आणि वरून डाळ्याचं कूट घालतात. पोह्यांपेक्षा हलकी लागते, पण तिखट मागाहून येतं आणि जायचं नाव घेत नाही. पहिली बशी संपायच्या आत दुसरी आली. पुण्यात एकदा ‘नको’ म्हटलं की माणसं थांबतात. इथं ते दोन-तीनदा म्हणावं लागतं आणि मोठ्यानं. माझं पहिलं ‘नको’ कुणाला ऐकूच गेलं नव्हतं. मी दुसरी बशी खाल्ली. तिसरी आली, तीही खाल्ली.

काठावर

आत्याचं गाव सरळ रेषांचं आहे. सरळ गल्ल्या, सारख्या मापाची घरं. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि हे नवीन वसवलं. एवढी वर्षं झाली तरी बायका याला गाव म्हणत नाहीत, ‘पुनर्वसन’ म्हणतात. ‘गाव’ हा शब्द त्यांनी पाण्याखालच्यासाठी राखून ठेवलाय. बाबा आणि आत्या तिथंच जन्मले. आत्याला दिलीही त्याच गावात. बाबा त्याबद्दल कधी बोलत नाहीत. बोलण्यातली काटकसर मी कुणाकडून घेतली, ते यावरून लक्षात यावं.

शेवटच्या घरामागं कापूस, कापसापुढं ऊस, आणि ऊस संपतो तिथं एकदम पाणी. मला नदी अपेक्षित होती, हे समुद्रासारखं पसरलेलं होतं. बुडालेल्या बाभळींचे फक्त शेंडे वर होते आणि एकेका शेंड्यावर एकेक पाणकावळा पंख वाळवत बसला होता. पलीकडचा काठ धाराशिव जिल्ह्याचा. तिथं हिरव्या पट्ट्यावर मेंढरांचे पांढरे ठिपके हलत होते.

मामांनी पाटबंधारेवाल्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. फुगवलेल्या राफ्टपुढं त्यांनी नारळ फोडला, स्वतःचा फोटो काढून घेतला आणि ते कामाला गेले. आत्या मात्र काठावर दगडावर बसून राहिली. मी पाण्यात बरीच आत गेले, इकडं-तिकडं पाहिलं आणि ओरडले.

म्हणजे, ओरडायला गेले. “फॉरवर्ड!” असं जे काही बाहेर पडलं, ते एका पाणकावळ्यानंही मनावर घेतलं नाही. पुन्हा केलं. पुन्हा. रिकाम्या राफ्टमध्ये न बसलेल्या माणसांना हुकूम देताना मला इतकी लाज वाटत होती, की सगळं धरण कान देऊन ऐकतंय असं वाटायला लागलं. आणि ऐकतच होतं कुणीतरी.

“ओऽऽ!” पलीकडून आलं. मेंढरांजवळ एक फेटेवाला माणूस काठीवर हात टेकून उभा होता. “कुणाची होडी हाय ओऽऽ?”

मी वल्हं हातात धरून बसून राहिले. काय सांगायचं ते माहीत होतं. सांगता येत नव्हतं.

“ओऽऽ!” माझ्या मागून, काठावरून, आत्यानं उत्तर दिलं. “माज्या भावाची पोरगी हाऽऽय! पुण्याला बँकंत हाऽऽय!”

“बँकंतली पाण्यात काय करायलीऽऽ?”

“रजेवर हाऽऽय!”

पलीकडून हसण्याचा आवाज पाण्यावरून घरंगळत आला. एक गोष्ट मात्र मी लक्षात ठेवली. ही माणसं लांबच्याशी बोलताना घाई करत नाहीत. आधी नुसता ‘ओऽऽ’ पाठवतात. तो पोचेपर्यंत थांबतात. पोचला, समोरच्यानं मान वळवली, की मग मागाहून शब्द.

दुपारी आत्यानं ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी वाढली. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ. त्याची आमटी दिसायला साधी आणि प्यायला लागलं की थांबवत नाही. मी तिसऱ्यांदा वाटी पुढं केली तेव्हा आत्या हळूच म्हणाली, “तुज्या त्या रबरी होडीत किती जणी बसत्यात?”

मग तिनं सांगितलं. गाव उठलं तेव्हा देवीची मूर्ती वाजतगाजत इकडं आणली. नवरात्रात तिची ओटी इथल्या देवळात भरतात. “पन देवी आनली म्हून काय जागा आनता येती का?” आत्या म्हणाली. “जागा राहिली ना तिकडंच, पाण्याखाली. तिची ओटी आमी दसऱ्यानंतरच्या मंगळवारी भरताव. काठावर हुबं राहायचं, तिकडं तोंड करायचं आन् खण-नारळ सोडून द्यायचा. तो लाटंसंगं परत पायाशी येतो बघ. दर साली येतो. वाटतं, पोचलंच न्हाई.”

मंगळवार दोन दिवसांवर होता. राफ्टवर एकटीनं माणसं न्यायची परवानगी मला अजून मिळालेली नव्हती. पण ते वाहत्या पाण्याचं झालं. हे पाणी ताटातल्यासारखं स्थिर होतं, आणि सरांनी राफ्टसोबत दिलेली लाइफ जॅकेटंही पुरेशी होती. तरी मी हो म्हटलं नाही. मान हलवली. आत्याला तेवढं पुरलं.

पातीवर

यायचं ठरवलं तिघींनी: आत्या, कौसाबाई आणि सुमनबाई. कौसाबाई म्हणजे मला मुकी ठरवणाऱ्या. त्या आत्यापेक्षा लहान, लहानपण जुन्या गावात गेलेलं. पुढच्या आठवड्यात ऊसतोडीला कारखान्यावर निघणार होत्या, म्हणून त्यांना यंदाचा मंगळवार चुकवायचा नव्हता. ऊसतोडीच्या बायका साडीवर पुरुषी शर्ट घालतात, तसा त्यांच्या अंगावर कायम असायचा. लाइफ जॅकेट चढवल्यावर त्या म्हणाल्या, “ह्यो तर माजा शर्टच की. जाडजूड.” सुमनबाई या नव्या गावात सून म्हणून आलेल्या. त्यांनी जुनं गाव कधी पाहिलंच नव्हतं, पण त्याच्याबद्दल ऐकून ऐकून त्या कंटाळल्या होत्या. “चला, एकदाचं बघूच कुठं हाय ते,” असं म्हणून त्या सगळ्यात आधी राफ्टमध्ये चढल्या.

सोमवारी काठाजवळच मी त्यांना वल्हं धरायला शिकवलं.

“फॉरवर्ड म्हटलं की पुढं मारायचं,” मी म्हटलं.

“फॉरवर्ड म्हंजी मोबाइलवर करतेत तेच का?” सुमनबाईंनी विचारलं.

“काय म्हन्ली ती?” पुढून कौसाबाई.

“फॉरवर्ड म्हन्ली!”

“मला न्हाई येत बया मोबाइल.”

बराच वेळ राफ्ट स्वतःभोवती फिरली. शेवटी सुमनबाईंनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. “आगं तन्वी, पातीवर असल्यावानी सांग की. खुरपायला आमी रांगंनं बसताव. एकेकीची एकेक पात. म्होरं सरकायचं ते पात धरून. तसं डावी पात म्हन, उजवी पात म्हन. उगं इंग्लिश कशाला?”

मी म्हटलं, “उजवी पात.”

“काय म्हन्ली?”

“उजवी पात म्हन्ली!” सुमनबाई ओरडल्या, आणि उजवीकडच्या कौसाबाईंनी जन्मभर वल्हं मारत आल्यासारखं वल्हं मारलं. राफ्ट सरळ निघाली.

तेव्हापासून तसंच सुरू झालं. मी पुटपुटायचं, मधल्या सुमनबाईंनी तेच मोठ्यानं म्हणायचं, पुढच्या कौसाबाईंनी करायचं. गंमत वाटत होती. पण मनात सर दिसत होते. त्यांच्या राफ्टवर सुमनबाई नसणार.

मंगळवारी सकाळी आत्यानं ओटीची पिशवी भरली. हिरवे खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं, बांगड्या. वाटेत खायला धपाटे आणि दही. सुमनबाईंनी आपली ओटी वेगळी बांधून घेतली. कौसाबाईंनी मात्र आपला खण आणून आत्याच्या हातात दिला. “माजं बी तुमच्यातच आक्का,” म्हणाल्या. सामान कमी करायला असेल, असं मला वाटलं.

गावावर

निघालो तेव्हा पाण्यावर एक सुरकुती नव्हती. कौसाबाई उजवीकडे सगळ्यात पुढं, त्यांच्या मागं डावीकडे सुमनबाई, आणि आत्या माझ्याजवळ, पिशवी मांडीवर घेऊन. बाभळींच्या शेंड्यांमधून वाट काढली. धपाटे मधेच, वल्ही थांबवून खाल्ले. पुण्यात आम्ही सहलीला जातो तेव्हा पोचल्यावर खातो. इथं निघालं की डबा उघडतात.

तासाभरानं आत्या म्हणाली, “थांबा. आलं बगा.”

मी वाकून पाहिलं. पाणी, नुसतं पाणी. सुमनबाईंनीही पाहिलं. “कुठं आलं? मला तर काय दिसंना.”

“ही टेकडी बग. हिच्या नाकासमोर वेस हुती. म्हंजी आपुन आता चावडीवर हाव.”

“न्हाई आक्का,” कौसाबाई म्हणाल्या. “चावडी मागंच गेली. ही गिरणी हाय.”

“गिरणी वड्याच्या अंगाला हुती!”

“वडाच हाय ह्यो!”

दोघी टेकडीकडे, मग एकमेकींकडे बोटं दाखवत राहिल्या. दोघींपैकी बरोबर कोण हे आता कुणीच सांगू शकत नाही. शेवटी ठरलं ते असं, की गिरणी असो की चावडी, देवीची जागा इथून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणजे हाक मारली तर तिला ऐकू जाईल. तिघींनी चपला काढल्या. मीही काढल्या. पाण्याच्या मधोमध, रबराच्या होडीत आम्ही अनवाणी बसलो होतो, आणि मला ते जराही विचित्र वाटलं नाही.

वारा तेव्हाच सुटला. धरणावरचा वारा सांगून येत नाही. आधी लांब पाण्याचा रंग काळसर झाला, मग तो काळा पट्टा आमच्याकडे सरकू लागला. राफ्टची आडवी बाजू वाऱ्याकडं होती, ती वळवायला हवी होती. मी “उजवी पात” म्हटलं आणि समोर पाहिलं.

सुमनबाईंच्या जॅकेटचं बक्कल उघडं होतं. आत्या आपलं काढत होती. ओटी भरायची तर पदर मोकळा हवा, आणि पदर जॅकेटाखाली अडकला होता. हे मी आधी लक्षात घ्यायला हवं होतं. कोलाडच्या कुठल्याही गाइडला हे सुचलं नसतं. तिथं कुणी पदर घेऊन येत नाही. आणि ओटी काही बसून भरत नाहीत. सुमनबाई उभ्या राहिल्या, त्यांच्या पाठोपाठ आत्या, हातात नारळ.

“उजवी पात,” मी पुन्हा म्हटलं. ते मोठ्यानं सांगणाऱ्या सुमनबाई आता हात जोडून, डोळे मिटून उभ्या होत्या.

पहिली लाट कडेवर आदळली. राफ्ट एका बाजूनं उचलली गेली. आत्याच्या हातातला नारळ पाण्यात गेला आणि आत्या त्याच्यामागं झुकली.

“बसा!”

तो आवाज माझा होता, हे मला तिघींच्या चेहऱ्यांवरून कळलं. “आत्या, खाली बस! सुमनबाई, बसा! कासरा धरा! जॅकेट लावा आधी!”

तिघी धपकन बसल्या. मी हात पुढं करून आत्याचं जॅकेट खेचलं.

“उजवी पात, मारा! आणखी! डावी, थांबा! उजवी, मारा!”

कौसाबाईंनी वल्हं असं घातलं, की त्यांच्या शर्टाची बाही खांद्यापर्यंत भिजली. राफ्टचं तोंड वळलं. दुसरी लाट समोरून आली, आम्ही तिच्यावर चढलो आणि पलीकडं उतरलो. तिसरी त्याहून लहान होती.

मग कौसाबाईंनी मान न वळवता विचारलं, “आक्का, ही कोन वरडली?”

“तुजी मुकी,” आत्या म्हणाली. तिचा श्वास अजून जागेवर आला नव्हता, तरी ती हसत होती.

मी हसले नाही. मला हे आता एका दमात सांगून टाकायचं होतं, थांबले असते तर पुन्हा इंग्रजी आलं असतं. “ओटी भरायची. पण जॅकेट काढायचं नाही. पदराचं टोक वरून बाहेर ओढून घ्या. उठायचं नाही. एका वेळी एकच जण, बाकीच्यांनी हलायचं नाही. पुढून सुरू करायचं. आधी कौसामावशी.”

सुमनबाई पाण्याकडं बघू लागल्या. कौसाबाई वळून आत्याकडं.

“माजं आक्का देत्यात,” त्या म्हणाल्या. “दर साली आक्काच देत्यात.”

“मावशी, तुम्ही सगळ्यात पुढं आहात. मागून कुणी पुढं सरकलं तर तोल जाईल. तुम्हीच द्या.”

मी तोलाबद्दल बोलत होते. फक्त तोलाबद्दल. पण राफ्टमध्ये काहीतरी थांबलं होतं, आणि तो वारा नव्हता. आत्या मांडीवरच्या पिशवीकडं पाहत राहिली. मग तिनं पिशवीत हात घातला, हिरवा खण काढला, त्यात तांदूळ ठेवले, हळकुंड ठेवलं आणि तो सुमनबाईंच्या हातून पुढं दिला.

“घे कौसा,” ती म्हणाली. “होडीत हिचं चालतं.”

कौसाबाईंनी जॅकेटाखालून पदराचं टोक ओढून काढलं. खण पदरात घेतला. पाण्यावर वाकल्या आणि दोन्ही हातांनी तो खाली ठेवला, झोपलेल्या पोराला ठेवावं तसा. तांदूळ पांढरे दिसत दिसत खाली गेले. खण थोडा तरंगला, मग तोही गेला. परत आला नाही.

“माय,” त्या पाण्याला म्हणाल्या, “ह्या साली मी सोता आले.”

मग सुमनबाईंनी दिली, मग आत्यानं. आत्याचा नारळ आधीच लांब डुलत चालला होता. देवीनं तो मागूनच घेतला, असं ठरलं.

परत निघाल्यावर पुढच्या दोघी पातीच्या लयीत वल्ही मारत होत्या. मला हुकूम द्यायचंही काम उरलं नव्हतं. आत्या माझ्या कानाशी आली. तिचा खराखुरा खालचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

“तिचा मालक गेल्यापासनं तिनं ओटी भरली न्हवती. रीत न्हाई ना. काठावर आमच्या मागं हुबी राहायची. माज्या मनात कैकदा आलतं, घे म्हनावं. पन म्हन्ले न्हाई कधी.”

“मला माहीत नव्हतं, आत्या.”

“बरं झालं. माहीत आसतं तर तूबी गप बसली आसतीस.”

ते खरं होतं. मी वल्हं पाण्यात धरून राफ्ट सरळ ठेवत राहिले. पुढं कौसाबाईंच्या जॅकेटवरून पदराचं टोक बाहेरच राहिलं होतं, ओलं. त्यांनी ते आत खोचलं नव्हतं.

बाभळींपाशी पोचलो तेव्हा वारा पडला होता आणि पलीकडच्या काठावर मेंढरं पाण्याला आली होती. फेटेवाला माणूस तसाच काठीवर टेकून उभा.

“ओऽऽ, बँकेवाल्या ताईऽऽ!” तो ओरडला. “रजा संपली न्हाई का आजूऽऽक?”

आत्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग मिटलं, आणि माझ्याकडं पाहिलं. पुढच्या दोघींची वल्ही थांबली.

मी वल्हं गुडघ्यांवर आडवं ठेवलं. आधी नुसता ‘ओऽऽ’ पाठवला. तो पाण्यावरून गेला. पलीकडं त्यानं मान वर केली, एका मेंढरानंही केली. पोचला होता.

“रजा न्हाई दादाऽऽ! बँक सोडलीऽऽ! मी होडी चालवतेऽऽ!”